समुद्रातल्या तेलविहिरी आणि आपला पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्वी तालुक्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. पीकविमा, सातबारा, शिष्यवृत्ती, पॅन-आधार जोडणी ही रोजची कामं. गेल्या काही वर्षांत त्यात एक काम वाढलं. लोक मोबाइल पुढे धरतात आणि विचारतात, "भाऊ, हे खरं आहे का जी?" मोबाइलवर बहुतेक वेळा एखाद्या चिमुकल्या परदेशी कंपनीची बातमी असते. कंपनी कुठल्याशा समुद्रात तेलासाठी विहीर खोदणार आहे आणि शेअर चहाच्या कटापेक्षा स्वस्त आहे. समृद्धी महामार्गात जमिनी गेल्या, हातात एकरकमी पैसा आला, घरोघर डिमॅट खाती निघाली. तेव्हापासून हे प्रश्न थांबलेले नाहीत. रोज तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

मी सेबीचा नोंदणीकृत सल्लागार नाही. अशा शेअरांत मी स्वतः पैसे घातले आणि घालवले, एवढाच माझा अधिकार.

ही कंपनी नेमकं करते काय?

बोअर मारते. आपण वावरात पाण्यासाठी मारतो, ती समुद्राच्या तळाखाली तेलासाठी मारते. आधी त्या देशाच्या सरकारकडून समुद्राचा एक तुकडा परवान्यावर घ्यायचा. मग जहाजातून पाण्यात आवाजाचे धक्के सोडायचे आणि खालून परतणाऱ्या लहरींवरून खडकांचं चित्र काढायचं. याला सिस्मिक म्हणतात. आपल्या पाणाड्याच्या तळहातावरच्या नारळापेक्षा ते शास्त्र फार पुढचं, पण शेवटी दोघंही "इथं मारा" एवढंच सांगू शकतात. खाली काय आहे ते ड्रिल उतरल्यावरच कळतं.

फरक खर्चाचा. आपली बोअर लाख-दोन लाखांत आटोपते. खोल समुद्रातली एक शोधविहीर सहज काही कोटी डॉलर खाते. खोदणारं जहाज दिवसाच्या भाड्यावर असतं, आणि ते भाडं लाखो डॉलरांत असतं.

बातमीत लिहिलंय की कंपनीकडे 50 कोटी बॅरल तेल आहे. मग शेअर इतका स्वस्त का?

"आहे" हा शब्द बातमी लिहिणाऱ्याचा. मूळ कागदावर बहुधा तो नसतो.

तेलाच्या धंद्यात साठ्याच्या तीन पायऱ्या धरतात. कारंजा-आष्टीकडच्या संत्रा बागायतदाराला त्या एका वाक्यात कळतील. झाडाला ताण दिलाय, बहार फुटेल अशी आशा आहे: ही पहिली पायरी, संभाव्य साठा. फळ धरलंय, पण तोडून बाजारात न्यायला परवडेल की नाही ते ठरायचंय: ही दुसरी. व्यापाऱ्याने बगीचा पाहिला, सौदा झाला, इसार हातात पडला, आता फक्त तोडायचं: ही तिसरी, आणि खरा साठा म्हणतात तो हिलाच. छोट्या कंपनीच्या जाहिरातीतला मोठा आकडा जवळजवळ नेहमी पहिल्या पायरीचा असतो.

आता हिशेब. दुकानात येणारा प्रत्येक जण 50 कोटी बॅरल गुणिले 70 डॉलर करतो, त्याला 3,500 कोटी डॉलर मिळतात, त्याला शेअरच्या संख्येने भागतो आणि त्याचे डोळे विस्फारतात. मीही हे केलंय, घरात पडलेल्या आठवीच्या वहीच्या मागच्या पानावर.

तोच हिशेब सावकाश करू. आकडा जमिनीतल्या एकूण तेलाचा असेल, तर ते सगळं वर येत नाही. 30 टक्के येईल असं धरा, राहिले 15 कोटी. त्या परवान्यात कंपनीचा वाटा 25 टक्के धरा, राहिले पावणेचार कोटी. जमिनीत पडून असलेल्या बॅरलला 70 डॉलर कोणी देत नाही. ते वर आणायला प्लॅटफॉर्म, पाइप, जहाजं, सरकारचा हिस्सा आणि बरीच वर्षं लागतात, म्हणून जागच्या जागी बॅरलला 3 डॉलर धरा. झाले सव्वाअकरा कोटी डॉलर. आणि हे सगळं तेल सापडलं तर. सापडण्याची शक्यता पाचात एक असेल तर आजची किंमत सव्वादोन कोटी डॉलर. 3,500 कोटींवरून सव्वादोन कोटींवर आलो. मी धरलेले आकडे कंपनीगणिक बदलतील, गळतीची वाट हीच.

पाचात एक म्हणजे चांगलंच की. पाच बोअर मारल्या की एक लागेलच ना?

नाही. पत्त्यांच्या डावात जे कळतं ते शेअरमध्ये का विसरतो, देव जाणे. प्रत्येक विहिरीला 20 टक्के शक्यता असेल तर पाचही कोरड्या जाण्याची शक्यता 33 टक्के निघते. म्हणजे तिघांत एकाच्या नशिबी पाचही फफूटा, नुसती कोरडी धूळ. आणि छोट्या कंपनीला पाच विहिरींचा पैसा मिळत नसतो. पहिल्या दोन कोरड्या गेल्या की तिसरीसाठी दारात उभं करायला कोणी तयार नसतं. अगदी नव्या समुद्रात, जिथे आधी कोणालाच काही सापडलेलं नाही, तिथे ही शक्यता दहात एकपर्यंतही खाली येते.

बोअरचा पैसा येतो कुठून?

या पानावरचा हाच प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो सगळ्यात कमी लोक विचारतात.

कंपनीचं काही उत्पन्न नसतं. तेल विकलेलं नाही, विकायला अजून काही नाही. तरी ऑफिसचं भाडं, संचालकांचे पगार, वकील, भूशास्त्रज्ञ, परवान्याची फी दर महिन्याला लागते. हा पैसा दोन वाटांनी येतो.

एक वाट बटईची. आपण वावर बटईने देतो तसं कंपनी आपल्या परवान्यातला वाटा मोठ्या तेल कंपनीला देते आणि बदल्यात ती मोठी कंपनी विहिरीचा खर्च उचलते. ही वाट बरी. मोठ्या कंपनीचे शास्त्रज्ञ नकाशे पाहून हो म्हणतात, याला काही अर्थ असतो. बटईदार मिळत नसेल तर का मिळत नाही, हे विचारावं.

दुसरी वाट नवे शेअर छापण्याची. बाजारात शेअर 10 पैशाला असेल तर मोठ्या फंडांना 8 पैशाला नवे शेअर देऊन पैसा उभा करतात. ही गोष्ट रात्रीतून होते आणि सकाळी आपल्याला कळते. 100 कोटी शेअर होते, 150 कोटी झाले. आपले तेवढेच राहिले, पण कंपनीतला आपला वाटा दीडपटीने पातळ झाला. दहा वर्षांत असं पाच-सहा वेळा झालं की उद्या खरंच तेल लागलं तरी आपल्या वाट्याला वाटीभर येतं.

गावात बोअरवाल्याचं फुटाचं गणित सगळ्यांना पाठ आहे. पाणी लागो न लागो, फुटाचे पैसे द्यावेच लागतात. समुद्रातही तसंच, जहाजवाला आपलं भाडं घेऊन जातो. इथे तो फुटाचा भाव भरणारे आपण असतो, एवढंच लक्षात येत नाही. कारण वावर आपलं नसतं आणि पावतीवर आपलं नाव नसतं.

विहीर सुरू व्हायच्या आधीच शेअर का चढतो?

आशेला तेव्हा भाव असतो म्हणून. जहाज निघालं, पोचलं, ड्रिल उतरलं, अशा बातम्या एकेक करून येतात आणि नवे लोक आत येतात. जुने जाणते नेमके त्याच गर्दीत थोडं थोडं विकून आपलं मुद्दल मोकळं करतात. निकालाच्या दिवसापर्यंत थांबणारा नाणं उडवत असतो, आणि नाण्याची एक बाजू दुसरीपेक्षा खूप जड असते.

नवे शेअर छापायलाही कंपनीला हाच काळ बरा वाटतो. चढलेला भाव पाहून आपण खुश असतो, तेव्हा त्यांचा कागद तयार होत असतो.

"तेल सापडलं" अशी अधिकृत घोषणा आली तर?

फॉकलंड बेटांची गोष्ट ऐका. अर्जेंटिनाच्या पूर्वेला दक्षिण अटलांटिकमध्ये ब्रिटनच्या ताब्यातली ही बेटं. 2010 मध्ये तिथे ओशन गार्डियन नावाच्या तरंगत्या रिगने, म्हणजे समुद्रातल्या बोअर मशीनने, एकामागून एक विहिरी खोदल्या. डिझायर पेट्रोलियम ही लंडनच्या एआयएम बाजारातली छोटी कंपनी. एआयएम म्हणजे लहान कंपन्यांसाठी 1995 मध्ये सुरू झालेला बाजार. या कंपनीने 3 डिसेंबर 2010 ला, शुक्रवारी, रेचल नॉर्थ विहिरीत तेल लागल्याचं जाहीर केलं. शेअर उसळला. शनिवार-रविवार लोकांनी काय काय मांडे खाल्ले असतील ते सांगायला नको. सोमवारी, 6 तारखेला, दुसरी घोषणा आली: नमुने पुन्हा तपासले, ते पाणी आहे. शेअर आपटला.

यात कोणी मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही. हजारो फूट खालून आलेल्या पहिल्या मोजमापांचा अर्थ लावणं खरंच अवघड असतं. पण शुक्रवारी घेतलेल्याला त्या अवघडपणाचे पैसे परत मिळाले नाहीत.

मोठ्यांचेही आकडे चुकतात. गुजरात सरकारच्या जीएसपीसी कंपनीने कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रात 20 लाख कोटी घनफूट वायू असल्याचं 2005 मध्ये जाहीर झालं. पुढे तो आकडा कुठल्या कुठे आक्रसला आणि 2017 मध्ये ओएनजीसी या केंद्र सरकारच्या तेल कंपनीने त्यातला 80 टक्के वाटा सुमारे 7,738 कोटी रुपयांना घेतला. ती कंपनी शेअर बाजारात नव्हती, हे आपलं नशीब.

घोषणांची भाषाही शिकून घ्या. "हायड्रोकार्बनची चिन्हं दिसली" म्हणजे माती ओलसर निघाली. "माहिती उत्साहवर्धक असून अभ्यास सुरू आहे" म्हणजे धार लागली नाही. "विहीर नियोजनानुसार बंद करून सोडण्यात आली" म्हणजे नियोजनात बंद करणं होतंच, पण आपल्याला जे हवं होतं ते मिळालं नाही. खरं तेल लागलं की घोषणेत जाडी मीटरमध्ये येते, खडकाची सच्छिद्रता येते, आणि वाहून दाखवलं असेल तर दिवसाला किती बॅरल तेही येतं. आकडे नसतील तर विशेषणांवर जाऊ नका.

मग कोणीच कमावत नाही का?

कमावतात. त्याच फॉकलंडात, त्याच रिगने, रॉकहॉपर नावाच्या दुसऱ्या छोट्या कंपनीसाठी मे 2010 मध्ये सी लायन विहीर खोदली आणि तिथे खरंच तेल लागलं. शेअर थोड्या काळात कितीतरी पट झाला. आधी घेऊन नंतर विकणारे तरले. पण त्या वर्षीच्या शिखरावर घेतलेल्यांनी पुढे तो भाव पाहिलाच नाही. तेल खरं असूनही 2024 संपेपर्यंत त्या क्षेत्रातून विक्रीचा एक बॅरल निघालेला नव्हता. भागीदार शोधणं, पैसा उभा करणं, मधेच कच्च्या तेलाचा भाव कोसळणं, यात वर्षं गेली.

दुसरं उदाहरण समुद्रातलं नाही, पण आपल्या देशातलं आहे म्हणून सांगतो. केर्न एनर्जी या स्कॉटलंडच्या कंपनीने 2002 मध्ये राजस्थानातल्या परवान्यातला शेल कंपनीचा वाटा 72.5 लाख डॉलरला घेतला. जानेवारी 2004 मध्ये बाडमेरला मंगला क्षेत्र सापडलं आणि त्याच वर्षी ती लंडनच्या पहिल्या शंभर कंपन्यांत जाऊन बसली. हीच गोष्ट प्रत्येक छोटी कंपनी आपल्या सादरीकरणात सांगते. पुढचं ती सांगत नाही: याच केर्नने 2010-11 मध्ये ग्रीनलंडच्या समुद्रात आठ विहिरी खोदल्या, आणि आठांपैकी एकही धंद्याची निघाली नाही.

आपल्या बाजारात अशी कंपनी आहे का?

फार थोड्या. देशाचा समुद्र मुख्यतः ओएनजीसीचा. 1974 मध्ये सागर सम्राट रिगने मुंबईसमोरच्या समुद्रात बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र शोधलं, 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि सर्वसामान्याला शेअर घ्यायचा तर तो ओएनजीसीचाच. ती छोटी नाही. लहान म्हणावी अशी हिंदुस्तान ऑइल एक्सप्लोरेशन. 1983 ची, खासगी क्षेत्रातली पहिली. तिच्या कावेरी खोऱ्यातल्या पीवाय-1 क्षेत्राने अपेक्षेइतका वायू दिला नाही, आणि मुंबईसमोरच्या बी-80 क्षेत्राचं उत्पादन 2022 मध्ये सुरू झालं.

कोणी म्हणेल, मग बोअरवाल्याचाच शेअर घेऊ, तो तर दोन्हीकडून कमावतो. हा विचार मलाही सुचला होता. चेन्नईची अबान ऑफशोअर ही रिग भाड्याने देणारी कंपनी. 2008 च्या सुरुवातीला तिचा शेअर पाच हजार रुपयांच्या आसपास होता. कंपनीने मोठं कर्ज काढून रिग घेतल्या होत्या. मे 2010 मध्ये अबान पर्ल ही रिग व्हेनेझुएलाच्या समुद्रात बुडाली (माणसं सगळी वाचली), आणि 2014 नंतर तेलाचा भाव कोसळला तसं रिगला काम मिळेना. शेअर दोन आकड्यांवर आला. किस्तीवर पाच मशीन घेतलेल्या बोअरवाल्याचं दोन पावसाळे चांगले गेले की काय होतं, ते आपण पाहिलंय.

तुमचे किती गेले?

1 लाख 40 हजार. 2021 ची गोष्ट. थोडे तुरीचे, थोडे बायकोच्या भिशीचे. कंपनीचं नाव लिहीत नाही. रीतसर बँकेतून पैसे पाठवून परदेशी ब्रोकरकडे खातं काढलं आणि साधारण चाळीस हजार शेअर घेतले. इतके शेअर नावावर पाहून छाती फुगते, हे कबूल करतो.

त्या वर्षी आमच्या फीडरला आठवडाआड रात्रीची लाईट होती. रात्री बाराला मोटर सुरू करून मी धुऱ्यावर बसायचो. एका ॲपवर जगातली जहाजं ठिपक्यांनी दिसतात. आमचं खोदणारं जहाज आफ्रिकेच्या समुद्रात कुठवर आलं ते मी रोज रात्री पाहायचो. कपाशीच्या तासात पाणी पुढे सरकलं की उठून बारं फोडायचं, परत येऊन ठिपका पाहायचा. जहाज जागेवर पोचलं त्या रात्री मी शेजारच्या वावरातल्या माणसाला झोपेतून उठवून दाखवलं. तो म्हणाला, "यात तुह्यं काय हाय?" मला राग आला होता.

शेअर घेतल्या भावाच्या दुपटीच्या वर गेला. निम्मे विकले असते तर मुद्दल घरी होतं. विकले नाहीत, कारण आठवीच्या वहीतला आकडा डोक्यात होता. मग एका सकाळी नवे शेअर छापल्याची घोषणा आली, भाव उतरला. तरी धीर धरला. लंडनच्या घोषणा तिथल्या सकाळी सातला येतात, म्हणजे उन्हाळी वेळेनुसार आपल्याकडे साडेअकराला, आणि बाजार उघडतो साडेबाराला. मधला तास हातात काहीच करता येत नाही. त्या दिवशी मी ताटावर होतो. "विहीर बंद करून सोडण्यात आली" एवढं वाचलं आणि जेवण पूर्ण केलं. बाजार उघडताच शेअर तीन चतुर्थांश पडला. आपल्याकडे ठराविक टक्क्यांवर लोअर सर्किट लागतं, तसं तिथे वाटेत काही अडवायला नव्हतं. शिवाय इतक्या छोट्या शेअरात घ्यायचा आणि विकायचा भाव यांत दहा-दहा टक्क्यांचं अंतर असतं. घेतल्या क्षणीच आपण तेवढं हरलेलो असतो, हे मला पडल्यावर कळलं.

परदेशी शेअर घेणं कायदेशीर आहे का? कर कसा लागतो?

कायदेशीर आहे. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशात पैसे पाठवण्याच्या योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. वर्षात 10 लाख रुपयांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर अडकतो. उधारीवर, मार्जिनवर परदेशात खेळायला या योजनेत परवानगी नाही.

आपल्याकडे एक गैरसमज घट्ट आहे: "शेतकऱ्याला कर नाही." शेतीच्या उत्पन्नाला नाही. शेअरच्या नफ्याला आहे. परदेशी शेअर 24 महिन्यांच्या वर ठेवला तर नफ्यावर 12.5 टक्के, त्याआधी विकला तर आपल्या स्लॅबप्रमाणे. आणि उत्पन्न करपात्र नसलं तरी परदेशी मालमत्ता असेल तर रिटर्न भरावाच लागतो, त्यात ती दाखवावी लागते. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्यात 10 लाखांच्या दंडाची तरतूद आहे. ऑक्टोबर 2024 पासून घर-जमीन सोडून 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट आहे, म्हणून माझ्यासारखे वाचतात. तरी दाखवा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टिप आली, ग्रुपवाले स्वतःच ॲप देतात. चालेल?

नाही. तो सट्टाही नाही, चोरी आहे. त्या ॲपवरचा नफा फक्त स्क्रीनवर असतो, काढायला गेलात की "आधी कर भरा" म्हणतात. पैसे गेले असतील तर लाजून बसू नका, लगेच 1930 वर फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे.

कच्चं तेल महागलं की हे शेअर वाढणारच ना?

भाव चढला की या कंपन्यांना पैसा सोप्या अटींवर मिळतो, एवढा फायदा. पण ज्याच्याकडे विकायला तेलच नाही त्याला भावाचं काय? कापूस दहा हजारावर गेला तरी ज्याची कपाशी बोंडअळीने खाल्ली त्याच्या घरी काय येतं?

आपल्याकडे जमिनीखाली तेल आहे का?

आपल्या पायाखाली लाव्हाचा काळा दगड. वणी, चंद्रपूर, उमरेडकडे कोळसा. तेलासाठी वावर कोणी विकत मागत असेल तर मला येऊन भेटा, त्याला भेटू नका.

घरी सांगून घ्यावेत का?

सांगून. भिशीच्या पैशाची गोष्ट मी चार महिन्यांनी सांगितली. पैशांपेक्षा त्या चार महिन्यांबद्दल जास्त ऐकून घ्यावं लागलं, अजूनही लागतं.

तुम्ही आता घेता का?

नाही. जुने चाळीस हजार शेअर खात्यात तसेच आहेत. विकून पैसे परत आणायचा खर्च आणि त्यांची किंमत जवळपास सारखी.

यंदा उन्हाळ्यात वावरात मात्र बोअर मारली. मी नको म्हणत होतो, वडिलांनी पाणाड्या बोलावला. बांधापासून दहा पावलांवर नारळ तळहातावर उभा राहिला, सगळ्यांनी पाहिला, मीही पाहिला. सहाशे वीस फुटांपर्यंत नुसता फफूटा निघाला. बोअरवाल्याला पैसे संध्याकाळी रोख मोजून दिले.